अलेक्झांड्रिया : पिढ्यानपिढ्या उतरवून घेतलेले शहर

(हीरक महोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



भूमध्य समुद्राच्या काठी प्राचीन बंदरे अनेक आहेत. त्यांतील बहुतेकांची ओळख त्यांच्या अवशेषांवरून होते. प्रवासी तेथे जातो, मोडके खांब आणि देवळांची जोती पाहतो आणि गतवैभवाची कल्पना करतो. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाची गोष्ट निराळी आहे. ज्या तीन वास्तूंमुळे हे शहर जगभर विख्यात झाले, त्यांपैकी आज एकही उभी नाही. सिकंदराची समाधी नेमकी कोठे होती हे अद्याप कोणाला सिद्ध करता आलेले नाही. दीपगृहाचे दगड समुद्राच्या तळाशी विखुरलेले आहेत. प्राचीन ग्रंथालयाची तर एक भिंतही सापडलेली नाही. तरीही तेवीस शतके उलटून गेल्यावर हे शहर नांदते आहे. पन्नास लाखांहून अधिक माणसे तेथे राहतात आणि इजिप्तच्या सागरी व्यापाराचा फार मोठा भाग त्याच्या धक्क्यांवरून होतो. दगड गेले आणि शहर राहिले, हे कसे घडले? एखाद्या शाळेच्या हीरक महोत्सवात हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. कारण त्याचे उत्तर शोधू लागले की ते शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या माणसांपाशीच येऊन थांबते.

इ.स.पू. ३३१ मध्ये मॅसिडोनियाच्या अलेक्झांडरने, म्हणजे आपल्याकडच्या सिकंदराने, या शहराची आखणी केली. राकोटिस नावाची एक जुनी वस्ती तेथे होती. समोर समुद्रात फॅरोस नावाचे बेट होते आणि मागे मारिओटिस नावाचे विस्तीर्ण सरोवर होते. प्राचीन ग्रंथकारांनी एक आख्यायिका सांगितली आहे. रस्त्यांच्या रेषा आखताना खडूची भुकटी संपली, म्हणून सैनिकांच्या शिध्यातले जवाचे पीठ वापरण्यात आले. तेवढ्यात पक्ष्यांचे थवे उतरले आणि त्यांनी ते पीठ टिपून खाल्ले. हा अपशकुन म्हणावा की काय, असे सर्वांना वाटले; परंतु ज्योतिष्यांनी निर्वाळा दिला की, हे शहर देशोदेशींच्या माणसांना पोसणारे होईल. आख्यायिका खरी असो वा नसो, भाकीत मात्र खरे ठरले.

जागेची निवड मोठ्या जाणकारीने झाली होती. नाईल नदी समुद्राला मिळते तेथे दरवर्षी गाळ लोटते आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह तो गाळ पूर्वेकडे वाहून नेतो. अलेक्झांड्रिया नदीच्या मुखांच्या पश्चिमेला वसलेले असल्यामुळे त्याचे बंदर त्या गाळापासून बचावले. फॅरोस बेट आणि मुख्य किनारा यांच्यामध्ये सुमारे सात स्टेडिया लांबीचा बांध घालण्यात आला, त्यामुळे त्याच्या दोन बाजूंना दोन बंदरे तयार झाली. मागचे सरोवर कालव्यांनी नाईलला जोडलेले होते. म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी, अशा दोन्ही वाटांचा माल या शहरात येऊन मिळे. पुढे त्या बांधाच्या दोन्ही अंगांना वाळू साचत गेली आणि त्याचे रुंद भूमीत रूपांतर झाले. आज त्याच भूमीवर दाट वस्ती, बाजार आणि मशिदी आहेत.

सिकंदराने हे शहर पूर्ण झालेले कधीच पाहिले नाही. इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलॉन येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचा सेनापती टॉलेमी इजिप्तचा अधिपती झाला आणि त्याच्या वंशाने क्लिओपात्रापर्यंत सुमारे तीन शतके अलेक्झांड्रियातून राज्य केले. दुसऱ्या टॉलेमीच्या काळात, इ.स.पू. २८० च्या सुमारास, फॅरोस बेटावरचे दीपगृह उभे राहिले. त्याची उंची शंभर मीटरांहून अधिक होती असे मानले जाते. प्राचीन जगातील सात आश्चर्यांत त्याची गणना झाली आणि त्या बेटाच्या नावावरूनच फ्रेंच, इटालियन आदी भाषांना दीपगृहासाठी शब्द मिळाला.

या दीपगृहाच्या उजेडात येणाऱ्या मालाचा एक भाग भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला असे. अलेक्झांड्रियाचे व्यापारी आपला माल नाईलमधून कॉप्टॉसपर्यंत नेत, तेथून उंटांवर लादून वाळवंटापलीकडील तांबड्या समुद्राच्या बंदरांत पोहोचवत आणि उन्हाळ्याच्या मध्यात मौसमी वाऱ्यांवर शिडे सोडून भारताकडे येत. वारे उलटले की हिवाळ्यात परतीचा प्रवास सुरू होई. स्ट्रेबो या भूगोलवेत्त्याने आपल्या काळात मायोस हॉर्मोस या एका बंदरातून वर्षाला सुमारे १२० जहाजे भारताकडे जात, असे नोंदवले आहे. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासदर्शिकेत भरूच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात. इतकेच नव्हे तर पैठण आणि तेर ही देशावरची गावेही येतात. भरूचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड गाड्यांतून भरूचला उतरते, असे तो लिहितो. मलबारच्या मुझिरिस बंदराशी झालेल्या व्यापारासंबंधीचा दुसऱ्या शतकातील एक करारनामा पपायरसवर लिहिलेला सापडला आहे आणि तो आज व्हिएन्ना येथे आहे. हर्मापोलॉन नावाच्या जहाजावरून आलेला माल अलेक्झांड्रियाच्या वखारीत जाईल आणि त्यावर चतुर्थांश जकात भरली जाईल, असे त्यावरून कळते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्तीही याच दळणवळणाची साक्षीदार आहे. माणसेही या वाटेने गेली असली पाहिजेत. कारण डिऑन नावाच्या वक्त्याने अलेक्झांड्रियाच्या नागरिकांपुढे केलेल्या भाषणात, श्रोत्यांत काही भारतीयही बसलेले असल्याचा उल्लेख आहे.

परंतु अलेक्झांड्रियाची खरी संपत्ती वखारीत नव्हती. ती ‘मूसेयन’ या विद्यापीठात आणि त्याला जोडलेल्या ग्रंथालयात होती. राजाश्रयावर राहणारे विद्वान तेथे एकत्र भोजन करीत, वाद घालीत, शिकवीत आणि लिहीत. ग्रंथ मिळवण्याची त्यांची हाव विलक्षण होती. बंदरात आलेल्या जहाजांवरील पुस्तके ताब्यात घेतली जात, त्यांची प्रत तयार केली जाई, मूळ पुस्तक ग्रंथालयात ठेवले जाई आणि मालकाला प्रत परत दिली जाई, असे गेलन या वैद्याने लिहून ठेवले आहे. अशा पुस्तकांवर ‘जहाजांवरून आलेली’ अशी नोंद असे. अथेन्सच्या तीन महान शोकांतिकाकारांच्या अधिकृत संहिता पंधरा टॅलेंट इतकी जबर अनामत ठेवून मागवण्यात आल्या. प्रती तयार झाल्यावर मूळ संहिता राजाने ठेवून घेतल्या आणि अनामतीवर पाणी सोडले. कॅलिमॅकस याने ग्रंथांची आणि ग्रंथकारांची जी सूची केली, ती एकशेवीस गुंडाळ्यांची होती. ग्रंथसूचीच्या शास्त्राचा आरंभ येथे झाला असे म्हणण्यास हरकत नाही.

या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनीस याने घराबाहेर फारसे न पडता पृथ्वीचा परीघ मोजला. दक्षिणेकडील सायीनी, म्हणजे आजचे अस्वान, येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही विहिरीच्या तळापर्यंत सूर्यकिरण पोहोचत, असे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात काठीची सावली पडे, आणि तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका भरे. दोन्ही गावांमधील अंतर ५,००० स्टेडिया धरल्यास पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया होतो. एक काठी, एक विहीर आणि एक त्रैराशिक एवढ्यावर हे गणित उभे राहिले. शालेय गणिताची थोरवी सांगणारे याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण.

भाषेच्या क्षेत्रातील अलेक्झांड्रियाची कामगिरी मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते, आणि मायभूमीपासून दूर भाषा जपणाऱ्यांसाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अलेक्झांड्रिया ग्रीसमध्ये नव्हते. ते इजिप्तच्या भूमीवर होते. भोवताली ग्रामीण प्रजा इजिप्शियन बोलत होती, शहरात यहुदी, सीरियन आणि इतर अनेक लोक राहत होते. अथेन्सच्या मुलाला होमरची भाषा कानावरून येई; अलेक्झांड्रियाच्या मुलाला ती शिकवावी लागे. म्हणूनच होमरच्या महाकाव्यांच्या गावोगावच्या प्रती गोळा करून, पाठभेद ताडून, शुद्ध संहिता ठरवण्याचे काम झेनोडोटस आणि अरिस्टार्कस यांनी येथे केले. पुढे अठरा शतकांनी पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, ते कार्य आठवले म्हणजे या परिश्रमाचे मोल ध्यानी येते. ग्रीक शब्दांवर आघात कोठे द्यावा हे दाखवणारी चिन्हेही परंपरेने अलेक्झांड्रियाच्याच अरिस्टोफेनीस या ग्रंथपालाच्या नावावर आहेत. ज्याला भाषा जन्मतः येते त्याला अशा चिन्हांची गरज भासत नाही. ती परक्या मातीत वाढणाऱ्या मुलांसाठी निर्माण होतात.

व्याकरणाचेही तसेच झाले. अरिस्टार्कसचा शिष्य डायोनिशियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणग्रंथात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. ग्रीकमधून ही मांडणी लॅटिनमध्ये गेली, तेथे तिच्यात काही फेरफार झाले, आणि लॅटिनमधून ती इंग्रजी व्याकरणात आली. एकोणिसाव्या शतकात दादोबा पांडुरंग तर्खडकरांसारख्या व्याकरणकारांच्या पिढीने मराठीचे शालेय व्याकरण रचताना इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवला. नाम, सर्वनाम, विशेषण येथपासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या ज्या आठ जाती मराठी शाळेतील प्रत्येक मुलाने घोकल्या आहेत, त्यांच्या मांडणीची एक वाट अशा रीतीने अलेक्झांड्रियापर्यंत मागे जाते. पाणिनीची थोर परंपरा घरात असूनही फळ्यावर मात्र ही दूरवरून आलेली आठची विभागणी लिहिली गेली, हा इतिहासाचा एक मनोरंजक योग आहे.

आता ग्रंथालयाच्या नाशाकडे वळू. एका रात्रीत लागलेल्या आगीत जगाचे सारे ज्ञान जळून गेले, हे चित्र लोकप्रिय आहे; इतिहास त्याला तितकासा दुजोरा देत नाही. इ.स.पू. १४५ च्या सुमारास आठव्या टॉलेमीने विद्वानांना शहरातून हाकलून लावले. इ.स.पू. ४८ मध्ये ज्युलियस सीझरच्या युद्धात बंदराजवळ आग लागली आणि बरीच पुस्तके नष्ट झाली. तथापि त्यानंतरही मूसेयन चालू असल्याचे स्ट्रेबो सांगतो. तिसऱ्या शतकात ऑरेलियन बादशहाच्या काळातील लढाईत राजवाड्यांचा भाग उद्ध्वस्त झाला. इ.स. ३९१ च्या सुमारास सेरापिस देवतेचे मंदिर पाडण्यात आले आणि ४१५ मध्ये गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या हायपेशिया या विदुषीची जमावाने हत्या केली. खलिफा उमरच्या आज्ञेवरून पुस्तके जाळून हमामखान्यांचे पाणी तापवले, ही कथा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली असून बहुतेक इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

याहूनही एक साधे कारण आहे. पपायरस हा वनस्पतीपासून केलेला कागद. वाळवंटाच्या कोरड्या वाळूत तो हजारो वर्षे टिकतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो कुजतो, किडीला बळी पडतो. अलेक्झांड्रियातील प्रत्येक गुंडाळी काही पिढ्यांनी पुन्हा उतरवून घेणे भाग होते. त्यासाठी लेखनिक हवे, त्यांना वेतन हवे, आणि वाचण्याची इच्छा असलेली नवी पिढी हवी. हे तीन धागे सैल झाले, तेव्हा ग्रंथालय मरू लागले. शत्रूने लावलेली आग दिसते, तिची तारीख लिहिता येते. दुर्लक्षाची तारीख कोणी लिहीत नाही.

जे उतरवले गेले ते मात्र वाचले. युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात भूमितीचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध केले, त्याची सुधारलेली प्रत सात शतकांनी हायपेशियाचा पिता थिऑन याने तयार केली. बगदादमध्ये त्याचे अरबी भाषांतर झाले. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी याने त्याचा अरबी पाठ नव्याने मांडला, आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या आश्रयाला असलेल्या, परंपरेने महाराष्ट्रीय मानल्या जाणाऱ्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी तो ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. शहर ओस पडले असते तरी युक्लिड जिवंत राहिला असता, कारण तो कोठल्याही एका इमारतीत अडकून पडलेला नव्हता.

शहराच्या मध्यभागी कोम अल्-दिक्का या ठिकाणी पोलंडच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात एक विलक्षण गोष्ट समोर आली. पाचव्या ते सातव्या शतकांतील सुमारे वीस व्याख्यानकक्ष तेथे ओळीने सापडले. तीन भिंतींलगत विद्यार्थ्यांसाठी पायऱ्यांसारखी दगडी बाके आहेत आणि त्यांच्या मधोमध शिक्षकाचे उंच आसन आहे. ज्या शहराच्या ग्रंथालयाचा मागमूस लागत नाही, त्या शहराचे शाळेचे वर्ग मात्र जमिनीखाली शाबूत राहिले. ग्रंथालयाची कीर्ती लोपल्यावरही कित्येक पिढ्या तेथे शिकवणे चालू होते, हे या बाकांनी दाखवून दिले.

इ.स. ६४१–६४२ मध्ये अरबांनी शहर जिंकले आणि इजिप्तची राजधानी नाईलकाठच्या फुस्तात येथे गेली. बंदर मात्र बंद पडले नाही. मध्ययुगात भारतातील मिरी आणि मसाले व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडत ते प्रामुख्याने अलेक्झांड्रियातच. दरम्यान भूकंपांनी दीपगृह खिळखिळे झाले. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात इब्न बतूता पहिल्यांदा आला तेव्हा त्याला आत शिरता आले. १३४९ मध्ये पुन्हा आला तेव्हा दरवाजापर्यंत जाणेही अशक्य झाले होते. १४७७ च्या सुमारास सुलतान कैतबेने त्याच जागी, त्याचेच दगड वापरून किल्ला बांधला, आणि तो आजही शहराची खूण म्हणून उभा आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोहोचला आणि मसाल्यांची वाट हळूहळू बदलली. नाईलचा कालवा गाळाने भरला. १७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य उतरले तेव्हा त्या प्राचीन महानगराच्या जागी काही हजार वस्तीचे एक गाव उरले होते.

एकोणिसाव्या शतकात या शहराचा दुसरा जन्म झाला. इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली याने १८२० मध्ये महमूदिया कालवा पुरा करून नाईलचे गोडे पाणी पुन्हा शहरात आणले आणि लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू केली. १८५६ मध्ये अलेक्झांड्रिया–कैरो लोहमार्ग पूर्ण झाला. सुवेझ कालव्यापूर्वी इंग्लंडहून मुंबईला येणारी टपाल याच बंदरात उतरे आणि जमिनीवरून सुवेझला पोहोचून पुन्हा आगबोटीत चढे. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला आणि मुंबई व अलेक्झांड्रिया ही दोन्ही बंदरे एकाच वेळी कापसाच्या पैशाने फुगली. ग्रीक, इटालियन, यहुदी, आर्मेनियन, सीरियन, माल्टावासी अशा अनेक समाजांनी येथे घरे केली आणि त्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या भाषेच्या शाळा उघडल्या. ग्रीक समाजाची संस्था १८४३ मध्ये स्थापन झाली. शाळा, रुग्णालय आणि वृद्धाश्रम यांचा भार तिने उचलला. याच समाजात १८६३ मध्ये कवी कवाफी जन्मला. जलसिंचन खात्यात तीसेक वर्षे कारकुनी करीत त्याने ग्रीक भाषेत कविता लिहिल्या, सुटी पत्रके छापून त्या मित्रांत वाटल्या, आणि हयातीत संग्रह प्रसिद्ध न करताही तो आधुनिक ग्रीक काव्याचा मानदंड ठरला. ग्रीसपासून दूर, अरबी भाषेच्या सागराकाठी, ग्रीक भाषेला तिचा एक श्रेष्ठ आधुनिक कवी मिळाला, हे विसरता येणार नाही.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. १८८२ च्या जुलैमध्ये ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या आणि त्यानंतर देश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. कापूस पिकवणारा इजिप्शियन शेतकरी आणि गोदीवर तो वाहणारा हमाल यांच्या वाट्याला त्या झगमगाटातले फारसे काही आले नाही. २६ जुलै १९५६ रोजी अलेक्झांड्रियाच्याच सुपुत्राने, गमाल अब्दुल नासर यांनी, येथील मन्शिया चौकातील भाषणात सुवेझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तेव्हा उसळलेला आनंद म्हणूनच खरा होता. पण त्यानंतरच्या काही वर्षांत परकीय समाजांचे बहुसंख्य लोक शहर सोडून गेले, आणि त्यांतील अनेकांनी दुसरे कोणतेही गाव पाहिलेले नव्हते, हेही तितकेच खरे होते.

गेलेल्यांचे काय उरले? शब्द उरले. इजिप्तच्या बोलीत मेजाला आजही ‘तराबेझा’ म्हणतात, तो ग्रीक शब्द आहे. कोळंबीला ‘गम्बरी’ म्हणतात, तो इटालियनमधून आलेला आहे. आणि जुनेपाने सामान घेणारा भंगारवाला गल्लीत ‘रोबाबेकिया’ अशी जी आरोळी ठोकतो, तीही इटालियनच. बटाटा, पाव आणि चावी हे पोर्तुगीज शब्द मराठी घरात जसे आपलेच होऊन गेले, तसेच हे. वास्तूही उरल्या. एलियाहू हनावी हे यहुद्यांचे भव्य प्रार्थनामंदिर इजिप्त सरकारने दुरुस्त करून २०२० मध्ये पुन्हा उघडले. परंतु तेथे प्रार्थनेला बसणारा समाज आता बोटांवर मोजण्याइतकाच राहिला आहे. ग्रीक समाजही हजारांवरून शेकड्यांवर आला, तथापि त्याची एव्हेरॉफ शाळा आजही ग्रीक भाषेतून शिकवते. जोवर एक वर्ग भरतो आहे, तोवर त्या भाषेला शहरात भविष्यकाळ आहे.

आजचे अलेक्झांड्रिया हे अरबी भाषेचे, कष्टकऱ्यांचे, गजबजलेले शहर आहे. ‘कॉर्निश’ या समुद्रकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे फिरायला येतात. अन्फूशी भागात लाकडी बोटी बांधणारे कारागीर अजून काम करतात. उन्हाळ्यात कैरोचा उकाडा टाळण्यासाठी लाखो लोक येथे येतात. १९९४ पासून पाणबुड्यांनी कैतबे किल्ल्यापाशी समुद्रतळाची पाहणी केली, तेव्हा हजारो प्राचीन शिळा आणि पुतळे आढळले. त्यांतील काही प्रचंड शिळा दीपगृहाच्या असाव्यात. समुद्राची भीतीही वाढते आहे. पाण्याची पातळी चढते आहे, किनारा खचतो आहे, खारे पाणी पायांपर्यंत मुरते आहे, आणि लाटा अडवण्यासाठी किनाऱ्यावर काँक्रीटचे ठोकळे रचले जात आहेत. २०१५ च्या ऑक्टोबरमधील मुसळधार पावसाने रस्ते पाण्याखाली गेले आणि माणसेही दगावली. ज्या पाण्याने हे शहर घडवले, त्याच पाण्याशी आता त्याला झगडावे लागत आहे.

२००२ मध्ये प्राचीन ग्रंथालयाच्या परिसरातच, समुद्राकडे कललेल्या प्रचंड तबकडीसारख्या छताचे नवे ग्रंथालय सुरू झाले. त्याच्या अस्वानी ग्रॅनाइटच्या भिंतीवर जगातील अनेक लिप्यांची अक्षरे कोरलेली आहेत. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तमध्ये जनआंदोलन पेटले, पोलीस रस्त्यांवरून नाहीसे झाले, आणि जाळपोळीचे भय सर्वत्र पसरले. त्या दिवसांत शहरातील तरुण-तरुणींनी हातात हात घालून ग्रंथालयाभोवती मानवी साखळी केली. इमारतीला धक्का लागला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी राजांचे सैन्यही जे करू शकले नव्हते, ते या निःशस्त्र वाचकांनी केले. प्राचीन ग्रंथालय राजाचे होते. राजाची मर्जी फिरली की त्याचे दिवस फिरत. नवे ग्रंथालय ज्यांना आपले वाटले, त्यांनी ते राखले.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या शाळेला या कथेत स्वतःचा चेहरा दिसल्यास नवल नाही. येथेही घराबाहेर दुसरी भाषा आहे. येथेही मुलांना मायबोली कानावरून पुरेशी मिळत नाही, ती शिकवावी लागते. ती शिकवताना नव्या खुणा, नव्या रीती शोधाव्या लागतात, आणि तसे करताना शेजारच्या भाषेतले शब्द अंगणात आले तर त्याने घर बाटत नाही. पटसंख्या घटते, तेव्हा इमारत सुशोभित करण्याचा मोह होतो. पण अलेक्झांड्रियाचा अनुभव सांगतो की, वास्तू माणसांवाचून उरते आणि भाषा मात्र उरत नाही. साठ वर्षांत अनेक शिक्षकांनी ही प्रत उतरवून पुढच्या हाती दिली. माजी विद्यार्थी म्हणजे त्या प्रती होत, आणि पालक म्हणजे पुढची प्रत कोणत्या भाषेत लिहिली जावी हे ठरवणारे हात होत. समुद्रकाठची हवा दमट असते, पपायरस कुजत असतो, आणि काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. ते यापुढेही होत राहो, एवढीच या शुभप्रसंगी सदिच्छा.